बाजूच्या सीटकडचा ओरखडा

३ मार्च, सोमवार. सकाळी.
गाडीवर ओरखडा.
नंतर लिहितो.

३ मार्च. दुपारी, ऑफिसात.
आता शांत आहे. सकाळी कव्हर काढलं तर बाजूच्या सीटकडची अख्खी साइड गेलेली. मागच्या चाकापासून पुढच्या आरशापर्यंत एकच लांब रेघ. वाइन कलरवर पांढरी. नख लावून बघितलं. नख अडकलं. म्हणजे पॉलिशने जाणारा प्रकार नाही, रंग कापून आतला प्रायमर दिसतोय. मांजर नाही, फांदी नाही. किल्ली. आणि किल्लीमागे माणूस.

हे मी म्हणतोय म्हणून त्याला वजन आहे. मी विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. लोक आपल्या गाड्यांचे ओरखडे घेऊन येतात, मी नख लावतो आणि खरं काय ते सांगतो. खरं बहुतेक वेळा ‘जुना मार’ एवढंच असतं. शाखेत सगळ्यात जास्त क्लेम मी नामंजूर केलेत. त्याचं सर्टिफिकेट हॉलमध्ये होतं, बायकोने ते वॉशिंग मशीनच्या वर नेऊन लावलं. तिथे ओल येते. असो.

निश्चय: आठवड्यात गुन्हेगार पकडायचा. चिडायचं नाही. पुराव्याशिवाय कोणावरही संशय घ्यायचा नाही.

वॉचमन असणार.

४ मार्च, मंगळवार.
रविवारचा घटनाक्रम लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

सकाळी गाडी धुतली, वॅक्स लावलं. ओरखडा नव्हता. शपथेवर सांगतो, कारण त्याच दारात बघून मी भांग पाडला होता.

दुपारी सासरे आमच्या बाथरूममध्ये पडले. चार दिवस राहायला आले होते. डोक्याला मोठी खोक. बायको टॉवेल दाबून बसलेली, टॉवेल लाल. मी प्रसंगावधान राखलं, लगेच टॅक्सी बोलावली. आपल्या सीट्स क्रीम कलरच्या आहेत आणि रक्ताचा डाग लेदरमधून जात नाही हे मी कामामुळे जाणतो. लिफ्ट बंद होती, तेव्हा वॉचमनने सासऱ्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. तो पुढे बसला, बायको आणि सासरे मागे. मी आपली गाडी घेऊन टॅक्सीच्या मागोमाग निघालो, म्हणजे जावई आला नाही असं कोणी म्हणायला नको. एका सिग्नलला टॅक्सी निसटली, मी अडकलो. मग हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भिंतीकडची जागा मिळेपर्यंत वेळ गेला. वर पोचलो तोवर टाके घालून झाले होते. सासरे म्हणाले, या, बसा. मेहुणा येऊन त्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेला. सगळं छान पार पडलं.

परत येताना बायको म्हणाली, मी टॅक्सीनेच येते. तिच्या कपड्यांवर रक्त होतं. तिलाही समजतं.

संध्याकाळी रोजच्यासारखं दोघांनी मिळून कव्हर घातलं. मी पुढचं टोक, ती मागचं. एकट्याला ते घालता येत नाही, फार मोठं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, रोज न चुकता दोघांनी मिळून करायची अशी ही एकच गोष्ट राहिलीय.

सोमवारी सकाळी कव्हर जागच्या जागी होतं. खालच्या नाड्यांच्या गाठीसुद्धा अगदी आमच्यासारख्या, दुहेरी. म्हणजे कोणीतरी कव्हर काढलं, काम केलं, परत घातलं, गाठी मारल्या. एकट्याचं काम नाही. टोळी आहे.

कॅमेऱ्याचं फुटेज सेक्रेटरीबरोबर बसून बघितलं. माझी गाडी खांबाच्या आड असते, ती जागा मीच भांडून घेतली होती, शेजारच्याचं दार लागायला नको म्हणून. फुटेजमध्ये रात्रभर खांब दिसतो. खांबाला कोणीही हात लावलेला नाही.

५ मार्च, बुधवार.
ओरखड्याचा नीट अभ्यास केला. भिंग, टॉर्च, टेप.

रेघ मागून पुढे ओढलीय. सुरुवातीला उथळ, भीत भीत. मग जोर वाढत गेलाय. बाजूच्या सीटच्या दारावर हँडलपाशी हात थांबलाय, तिथे एक खड्डा आहे, किल्ली जागच्या जागी दाबल्यासारखा. मग परत पुढे. शेवटी आरशापाशी एक छोटा बाक.

मध्येच थांबला म्हणजे दमला. दमला म्हणजे वय झालेलं. वॉचमनचं वय झालेलं आहे.

संध्याकाळी बायको म्हणाली, काकांनी नाही केलेलं. (वॉचमनला सगळी बिल्डिंग काका म्हणते. मी म्हणत नाही, नातं जोडलं की तपासात अडचण येते.) तिला विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, मला माहीत आहे, आणि मला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हटलं, तपास पूर्ण होईपर्यंत दुसरा विषय नको. ती भाजी चिरायला गेली. एका भाजीला एवढा वेळ लागत नाही.

७ मार्च, शुक्रवार.
सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. वॉचमन रविवारी दुपारी गेट सोडून गायब होता हा मुख्य मुद्दा. त्याला समोर बोलावून विचारलं, कुठे होतास? तो म्हणाला, साहेब, तुमच्या सासऱ्यांबरोबर हॉस्पिटलात.

ते खरं आहे, मी स्वतः बघितलंय. पण मुद्दा हॉस्पिटलचा नाही. मुद्दा गेटचा आहे.

सेक्रेटरी म्हणाला, अहो, असं कसं? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम; नाहीतर सोसायटीवर नुकसानभरपाईचा दावा टाकतो आणि दावा कसा लिहायचा हे मला कोणी शिकवायला नको. सेक्रेटरीचा चेहरा उतरला. पाणी प्यायला. मग एजन्सीला फोन लावला.

८ मार्च, शनिवार.
वॉचमन गेला. जाताना गाडीपाशी येऊन म्हणाला, साहेब, गाडीचं वाईट झालं. मग आपली खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि निघाला.

अपराधी माणूस नेहमी नम्र असतो. नोंद करून ठेवतो.

केस क्लोज. आठवड्यात करेन म्हटलं होतं, त्याआधीच केली. घरी सांगितलं. बायको म्हणाली, तू त्या माणसाच्या पोटावर पाय आणलास. मी म्हटलं, भावनेच्या आहारी जाऊ नकोस. तिने विचारलं, खरं कोणी केलं ते कळलं तर काय करशील? मी म्हटलं, कळलंच आहे. ती म्हणाली, समज, दुसरं कोणी असेल. मी म्हटलं, ज्याने केलं त्याचं या आयुष्यात तोंड बघणार नाही, मग तो कोणी का असेना.

ती ‘बरं’ म्हणाली. इतक्या पटकन पटणं हे तिच्या बाबतीत नवीन आहे. माझ्या यशाचा परिणाम असावा.

१० मार्च, सोमवार.
नवा वॉचमन आला. तगडा आहे, गणवेश कडक. आज त्याने मला गेटवर अडवलं आणि कोणाकडे जायचंय विचारलं. पार्सलं सगळी एकाच ढिगात टाकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या टीचरचं औषध पाचव्या मजल्यावर गेलं आणि डंबेलने ते प्रोटीन समजून उघडलं. डंबेल म्हणजे जिम ट्रेनर, खरं नाव कोणाला माहीत नाही. लोक कुरकुरतायत. सवय होईल.

बायको संध्याकाळी टीचरकडे चहाला गेली होती. नंतर डेंटिस्टकडे. नंतर सेक्रेटरीकडे. शेजाऱ्यांत मिसळायला लागली, चांगलं आहे. मी एकटाच कव्हर घालायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ती येईपर्यंत थांबलो.

११ मार्च, मंगळवार.
हे काय नवीन.

संध्याकाळी टीचर आमच्या दारात. गणित शिकवायच्या, रिटायर्ड, आवाज अजून वर्गातला. म्हणाल्या, तुमच्या गाडीवर ओरखडा मी मारला, त्या काकांना परत बोलवा. मी विचारलं, कारण? म्हणाल्या, मुलांचं खाली खेळणं तुम्ही बंद केलंत, चेंडू गाडीला लागेल म्हणून. तेव्हापासून मुलं माझ्या दारात खेळतात आणि माझी दुपारची झोप गेली. म्हणून मारला.

कारण पूर्ण बिनबुडाचं. पण मी प्रोफेशनल माणूस. आमच्या कामात नुसतं सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. गाडी कशी ठोकली ते जागेवर करून दाखवावं लागतं. मी त्यांना खाली नेलं. गाडीच्या दुसऱ्या, चांगल्या बाजूला खाकी कागद चिकटवला, हातात खडू दिला, म्हटलं, मारा जसा मारला होतात तसा.

त्यांनी मारला. फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. शिवाय खाली दुसरी रेघ मारून अधोरेखित केला.

नामंजूर. मूळ ओरखड्यात कंप आहे, यांच्यात आत्मविश्वास आहे. शिवाय हँडलपाशी थांबल्या नाहीत.

तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मी मारला म्हणते तरी तुम्हाला चालत नाही? मी म्हटलं, बाई, इथे रोज शंभर लोक येऊन म्हणतात. त्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, ऑफिसात.

१२ मार्च, बुधवार.
डेंटिस्ट. गाडी त्यानेच खरवडली म्हणतो. कारण विचारलं तर म्हणाला, माझ्या गाडीचा दिवा फुटला तेव्हा तुम्ही ‘जुना मार’ लिहिलंत. (लिहिलं होतं. धूळ होती फुटलेल्या काचेवर. धूळ म्हणजे जुना.) म्हणाला, ती धूळ क्लिनिकच्या बांधकामाची होती, तेव्हाच सांगितलं होतं. लोक किती लक्षात ठेवतात.

कागद लावला. त्याने एकाच जागी लहान, खोल, गोल असं काहीतरी केलं. सवय. तोंडभर काम एका दातावर करतात हे लोक.

नामंजूर.

त्याने खडू खिशात घातला आणि गेला. माझा खडू होता.

१३ मार्च, गुरुवार.
आज दोन.

डंबेलची रेघ फार वर, छपराजवळून. त्याचं कारण: मी त्याला पार्किंगमध्ये घामट म्हणालो होतो. म्हणालो असेन. नामंजूर.

सेक्रेटरीच्या आई, व्हीलचेअरवर. मुलाने ढकलत आणल्या. त्यांची रेघ खाली, चाकाच्या उंचीवर. कारण विचारलं तर म्हणाल्या, कारण काय मेल्या, तुझं तोंड बघून मारला. सेक्रेटरी म्हणाला, आई, असं नाही ठरलं होतं.

काय ठरलं होतं, कुठे ठरलं होतं, हे तो सांगेना.

नामंजूर, दोन्ही.

१४ मार्च, शुक्रवार.
अहवाल, आतापर्यंतचा:
कबुलीदार: चार. जुळलेले: शून्य. प्रत्येकाकडे कारण आहे, प्रत्येकाची रेघ खोटी आहे. यावरून माझ्या पद्धतीची अचूकता सिद्ध होते. वेगळ्या अँगलने बघितलं तर बिल्डिंगमधल्या चार माणसांना माझी गाडी खरवडावीशी वाटते, पण तो मुद्दा तपासाच्या कक्षेत येत नाही.

ऑफिसात ज्युनियरला सगळं सांगितलं. हिला सगळं मी शिकवलं. ती हुशार आहे, नखं वाढवते. म्हणाली, सर, एवढ्या लोकांनी खोटं कशाला बोलावं? मी म्हटलं, हेच तर शोधायचंय. ती म्हणाली, सर, वॉचमनसाठी असेल. मी म्हटलं, एका वॉचमनसाठी कोणी स्वतःवर आळ घेतं का? ती फाइल चाळत राहिली. तिच्याच हातात माझा क्लेम आहे. घरचीच केस, होऊन जाईल.

१५ मार्च, शनिवार.
सकाळी बायको परत म्हणाली, मला बोलायचंय. मी म्हटलं, तूही कबूल करणार का? चेष्टेने म्हटलं. ती हसली नाही. तिचं हल्ली विनोदाकडे लक्ष नाही. तेवढ्यात सेक्रेटरीचा फोन आला, उद्या सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग, विषय वॉचमन. मी बाहेर पळालो.

काका म्हणे दुसरीकडे कुठेच लागलेले नाहीत. ‘मालमत्तेचं नुकसान’ असं एजन्सीच्या कागदावर आलंय, त्यामुळे कोणी घेत नाही. हे डेंटिस्टने लिफ्टमध्ये मुद्दाम मोठ्याने सांगितलं. मी लिफ्टच्या आरशात बघत होतो.

(वर ‘काका’ लिहिलं गेलं. वॉचमन असं वाचावं.)

निश्चय: उद्या मीटिंगमध्ये एकदाच सोक्षमोक्ष. मी स्वतः प्रात्यक्षिक करून दाखवणार. खरा ओरखडा कसा मारला गेला, कोणत्या वयाच्या माणसाने मारला, कुठे दमला. डोळ्यांनी बघितल्यावर सगळे गप्प होतील.

१६ मार्च, रविवार. सकाळी.
इस्त्रीचा शर्ट. नवा खाकी कागद. खडू नाही, डेंटिस्टने नेला. चालेल, किल्लीच वापरतो, जास्त खरं वाटेल. हलक्या हाताने.

१६ मार्च. दुपारी.
बिल्डिंगमधले बहुतेक सगळे आले होते. एका बाजूला वॉचमन पण उभा, साध्या कपड्यात. कोणी बोलावलं माहीत नाही. टीचरनी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही.

मी सुरुवात चांगली केली. म्हटलं, मित्रहो, ओरखडा बोलतो, फक्त ऐकणारा हवा. डंबेल म्हणाला, आम्हाला तर नुसते तुम्हीच ऐकू येताय. हशा. मी दुर्लक्ष केलं. कागद चिकटवला. किल्ली घेतली. सांगत सांगत ओढायला लागलो: बघा, इथे तो भ्यायलेला आहे, हलका हात. इथे त्याला राग आठवतो, जोर वाढतो. इथे, बाजूच्या सीटच्या, म्हणजे आता या बाजूने ड्रायव्हरच्या दारापाशी, तो थांबतो. का थांबतो? कोणाला तरी आठवून थांबतो.

हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ठरवलं होतं, ‘दमतो’. तोंडातून भलतंच गेलं. समोर बायको उभी होती, तिने मान खाली घातली. मी तिच्याकडे बघत किल्ली दाबली.

कागद फाटला होता. कुठून फाटला होता कोण जाणे, बहुतेक सुरुवातीपासून. मी बाकासकट शेवटपर्यंत नेली रेघ. कागद गळून पडला.

सगळे वाकून दार बघायला लागले. मग व्हीलचेअरवरून आवाज आला: जुळला हो.

१६ मार्च. संध्याकाळी.
ठराव झाला. ‘सभासदाने स्वतःच्या गाडीवर स्वतः ओरखडा मारल्याचं सर्वांनी पाहिलं, सबब वॉचमनवरील आरोप मागे घेण्यात येत आहे.’ सेक्रेटरीने जागेवर एजन्सीला फोन केला. मी म्हटलं, हा दुसरा ओरखडा आहे, पहिला वेगळा. सेक्रेटरी म्हणाला, साहेब, दोन्ही बाजू बघा ना, एकाच हातच्या वाटतात.

उद्यापासून वॉचमन गेटवर. त्याने येऊन मला नमस्कार केला. म्हणाला, साहेब, दुसऱ्या बाजूचंही वाईट झालं.

आज कव्हर घातलं नाही. आता लपवायला काय राहिलंय.

१८ मार्च, मंगळवार.
ज्युनियर आली होती सर्व्हेला. मी चहा सांगितला, तिने नको म्हटलं. ड्यूटीवर चहा घ्यायचा नाही हे मीच शिकवलं. दोन्ही बाजूंना नख लावलं. फोटो काढले. सेक्रेटरीकडे गेली, ठरावाची कॉपी घेतली.

अहवाल: उजवी बाजू, मालकाने साक्षीदारांसमक्ष स्वतः केलेले नुकसान. डावी बाजू, तोच हात, तीच पद्धत; जुना मार.

मी म्हटलं, अगं, धूळसुद्धा नाही त्यावर. ती म्हणाली, सर, तुम्ही रोज पुसता. खरं आहे ते. जाताना म्हणाली, सॉरी सर, नियम म्हणजे नियम.

ही माझ्यापेक्षा पुढे जाईल. अभिमान वाटायला हवा. उद्या वाटेल.

२० मार्च, गुरुवार.
बायको बोलली. आज मी काही कारण काढायच्या आत बोलली. तिने टीव्ही बंद केला, रिमोटमधले सेल काढून हातात ठेवले आणि समोर बसली.

“मी मारला,” ती म्हणाली. “त्या रविवारी. बाबांना मेहुण्याने नेलं, मी टॅक्सीतून उतरले, अंगावर बाबांचं रक्त, आणि तू खाली कव्हर घेऊन माझी वाट बघत उभा होतास.”

ती माझ्या मेहुण्याला मेहुणाच म्हणाली, ‘दादा’ नाही. म्हणजे माझ्या भाषेत बोलत होती. मला समजावं म्हणून.

पुढे ती म्हणाली की मी मोबाइल आणायला वर गेलो तेव्हा तिने मारला. म्हणाली, मारायचा नव्हता, नुसती किल्ली हातात होती, मागच्या चाकापासून चालत आली, आणि हात लागला, आणि मग उचलला नाही. हँडलपाशी का थांबलीस, मी विचारलं. (सवय.) म्हणाली, तिथे बाबांना बसवायचं होतं मला.

मी म्हटलं, चल खाली, कागद लावतो, करून दाखव. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, प्रात्यक्षिकाशिवाय ग्राह्य धरता येत नाही. म्हणाली, नको धरूस.

मग मी मुद्द्यावर बोट ठेवलं. म्हटलं, तू एकटीने कव्हर घालूच शकत नाहीस, आणि सोमवारी ते नीट घातलेलं होतं, गाठींसकट. मग दुसरा माणूस कोण?

ती म्हणाली, “दुसरं टोक तू धरलं होतंस.”

मी विचार करत होतो. अजून करतोय.

२१ मार्च, शुक्रवार.
ती गेली. सासऱ्यांजवळ, मेहुण्याच्या घरी. किती दिवस ते विचारलं. म्हणाली, तूच म्हणाला होतास ना, ज्याने केलं त्याचं तोंड बघणार नाही. तुला त्रास नको. मी म्हटलं, ते मी गुन्हेगाराबद्दल म्हणालो होतो. ती म्हणाली, हो.

सोडायला येतो म्हटलं. गाडी धुतलेली होती. म्हटलं, काही पसरू नकोस सीटवर, एवढंच. ती म्हणाली, टॅक्सी बोलावलीय. वॉचमनने बॅग उचलली. मी बाल्कनीतून बघत होतो. त्याने टॅक्सीचं दार उघडून धरलं. या वेळी मी मागोमाग गेलो नाही. पुन्हा सिग्नलला अडकलो असतो.

टेबलावर गाडीची दुसरी किल्ली ठेवून गेलीय. दातांत काहीतरी लालसर अडकलंय. गंज असणार. घासून पुसून ठेवली.

२३ मार्च, रविवार.
तिच्या कबुलीवर शांतपणे विचार केला. बाकीचे चौघे खोटं बोलले ते वॉचमनला परत आणायला, हे एव्हाना मलाही कळलंय. मी मूर्ख नाही. पण ती बोलली तेव्हा वॉचमन आधीच परत आलेला होता. गेटवर बसलेला होता, उशीवर. म्हणजे तिला खोटं बोलण्याचा काहीच फायदा नव्हता.

मग ती खोटं का बोलली?

हेतू सापडत नाही. शेरा: प्रलंबित.

संध्याकाळी कव्हर घालायला खाली गेलो. ढग आले होते. पुढचं टोक बोनेटवर अडकवलं आणि मागे गेलो, तर पुढचं सुटलं. मागचं बांधलं आणि पुढे आलो, तर मागचं वर सरकलं. वॉचमनला हाक मारली. काका म्हटलं, मुद्दाम. तो गेटवरून म्हणाला, साहेब, आलो असतो, पण गेट सोडता येत नाही.

दोन्ही रेघा उघड्या राहिल्या. थोडा वेळ नुसता टोक धरून उभा होतो.